‘नुसत्या नर्स’कडे जाण्यापूर्वीची तयारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील वाचकांच्या पत्रांत नुकतीच एक तक्रार वाचनात आली. इंग्लंडमध्ये मुलाकडे स्थायिक झालेल्या आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते) रुग्णालयात नेले असता तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी ‘नुसत्या नर्स’ने तपासले, वीसेक मिनिटांत वाटेला लावले, आणि एवढ्या पुढारलेल्या देशात ही अवस्था असावी याचे पत्रलेखकांना आश्चर्य वाटले, असा त्या पत्राचा आशय होता. मी स्वतः या आजाराची रुग्ण असून बरीच वर्षे लेस्टरमध्ये राहते, आणि येथील मराठी ज्येष्ठ मंडळींमध्ये अशाच स्वरूपाची नाराजी मी अनेकदा ऐकली आहे. त्यामागची काळजी मला समजते, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्या वीस मिनिटांत जे ठरते ते रुग्णाने काय सांगितले आणि काय सांगितले नाही यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, आणि नेमक्या त्याच बाबतीत आपली माणसे रिकाम्या हातांनी जातात, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून हे पत्र.

आधी ‘नुसत्या’ या विशेषणाविषयी. ब्रिटनमधील ऱ्हुमॅटॉलॉजी म्हणजे संधिवाताच्या विभागातली स्पेशालिस्ट नर्स ही डॉक्टरांच्या हाताखाली वजन-रक्तदाब नोंदवणारी मदतनीस नव्हे. ती सांधे तपासते, रक्ताचे अहवाल पाहून औषधाची मात्रा वाढवते किंवा कमी करते, आणि आवश्यक ते प्रशिक्षण पूर्ण केलेले असल्यास स्वतःच्या अधिकारात औषध लिहूनही देते; २००६ पासून तेथील परिचारिकांना हा अधिकार जवळजवळ सर्व औषधांबाबत मिळालेला आहे. ही व्यवस्था केवळ डॉक्टर कमी पडतात म्हणून केलेली तडजोड आहे, असेही म्हणता येत नाही. लीड्स येथे रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींना नर्सकडे आणि काहींना डॉक्टरांकडे पाठवण्याचा जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आजाराविषयीची समज व उपचारांबाबतचे समाधान यांत नर्सकडील रुग्ण पुढे असल्याचे त्यात दिसले. पुढे २०१४ मध्ये ब्रिटनमधील दहा ठिकाणच्या १८१ रुग्णांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि आजार आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत नर्सकडील उपचार डॉक्टरांकडील उपचारांपेक्षा कमी प्रतीचे नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘नाइस’ या तेथील मार्गदर्शक संस्थेने २०१८ मध्ये काढलेल्या सूचनांतही उपचारांचा समन्वय साधणारी एक ठरावीक व्यक्ती रुग्णाला ठाऊक असावी असे म्हटले आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती व्यक्ती म्हणजे हीच नर्स असते.

पत्रलेखकांच्या तक्रारीत तथ्य आहे ते एका ठिकाणी. अलीकडे पुष्कळ भेटी फोनवर उरकल्या जातात, आणि सुजलेला सांधा फोनवरून दाबून पाहता येत नाही. सांध्यांना सूज असेल, तर भेटीचे पत्र आल्याबरोबर विभागाला कळवून प्रत्यक्ष भेट मागावी. ती मागण्यात गैर काही नाही, आणि कारण सांगितल्यास सहसा ती मिळतेही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. नर्स तपासणीच्या शेवटी एक आकडा काढते. त्याला ‘डास-२८’ म्हणतात. नेदरलँड्समधील नायमेखन येथे तयार झालेली ही पद्धत १९९५ पासून प्रचलित आहे. दोन्ही खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस सांधे असे अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबले जातात. त्यांतले किती दुखतात आणि किती सुजलेले आहेत हे मोजले जाते. त्यात रक्तातील दाह दाखवणारी एक चाचणी मिळवली जाते. आणि चौथी गोष्ट म्हणून रुग्णाला स्वतःची प्रकृती एकंदर कशी वाटते हे शून्य ते शंभर अशा रेषेवर खूण करून सांगावे लागते. या चारांतून येणारा आकडा २.६ पेक्षा कमी असेल तर आजार शांत आहे, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम, आणि त्यापुढे तीव्र, असे मानतात. हा आकडा नुसता नोंदीपुरता नसतो. इंजेक्शनच्या स्वरूपातील महागडी जैविक औषधे सरकारी खर्चाने सुरू करावयाची तर आधीची औषधे पुरेशी लागू न पडता आकडा ५.१ च्या वर असावा, अशी दीर्घकाळ अट होती. २०२१ पासून त्यांतली काही औषधे ३.२ च्या वरच्या मध्यम आजारालाही खुली झाली. आपल्या आईला कोणते औषध मिळणार, हे या आकड्यावर बऱ्याच अंशी ठरते.

आता या आकड्यात रुग्णाच्या शब्दाला किती वजन आहे ते पाहावे. दुखऱ्या सांध्यांच्या संख्येला सूत्रात सुजलेल्या सांध्यांच्या दुप्पट महत्त्व आहे, आणि सांधा दुखतो की नाही हे फक्त रुग्णच सांगू शकतो. नर्स बोटाचे पेर दाबते तेव्हा ओठ घट्ट मिटून गप्प बसणे हा आपल्या पिढीतल्या स्त्रियांचा स्वभावच झालेला आहे, ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘चालायचंच’ असे उत्तर आले की दुभाषी त्याचे ‘नाही’ करून मोकळा होतो आणि सांधा मोजणीतून निसटतो. शंभराच्या रेषेचेही तसेच. प्रत्यक्षात ऐंशीवर खूण व्हायला हवी असताना भिडेखातर दहावर केली, तर केवळ तेवढ्याने आकडा जवळजवळ एकाने खाली येतो. शिवाय या रेषेवर शून्य म्हणजे उत्तम आणि शंभर म्हणजे अत्यंत वाईट, असा क्रम असतो. शंभरपैकी शंभर म्हणजे पहिला नंबर, अशा समजुतीत वाढलेल्या आपल्या काही आजी-आजोबांनी ही रेषा उलटी वाचलेली मी पाहिली आहे. घरच्यांनी आदल्या दिवशी कागदावर रेघ ओढून हे एकदा समजावून द्यावे. येथे एक सांगितले पाहिजे की दुखणे फुगवून सांगणेही तितकेच घातक आहे, कारण त्यामुळे नको असलेले जबर औषध पदरात पडू शकते.

या अठ्ठावीस सांध्यांत पावले नाहीत. घोटा आणि पायाच्या बोटांचे सांधे हा आजार फार लवकर धरतो, सकाळी पहिले पाऊल टाकताना खड्यांवर उभे राहिल्यासारखे वाटते, आणि तरीही ते या मोजणीत येत नाहीत. म्हणून पायांविषयी आपण होऊन बोलावे आणि बूट-मोजे काढून दाखवावेत. कपडे सैल, बाह्या कोपरापर्यंत आणि खालचे वस्त्र गुडघ्यापर्यंत सहज वर घेता येईल असे असावेत. मनगटात घट्ट बसलेल्या बांगड्या आणि बोटात रुतलेली अंगठी तपासणीच्या आड येतात. त्या उतरत नसतील, तर त्या कधीपासून उतरेनाशा झाल्या हेच नर्सला सांगावे, कारण ती सुजेची खूण असू शकते. सूज ठरावीक दिवशी येऊन भेटीच्या दिवशी नेमकी ओसरते, असा अनुभव अनेकांना येतो. त्यावर सोपा उपाय असा की, सूज असेल त्या दिवशी मोबाइलवर हाताचे छायाचित्र काढून ठेवावे. त्यावर तारीख आपोआप राहते. भेटीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतली असल्यास किती वाजता घेतली हेही सांगावे, म्हणजे समोर दिसणारे चित्र गोळीमुळे किती बदललेले आहे याचा नर्सला अंदाज येतो.

सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘थोडा वेळ’ या उत्तराचा उपयोग होत नाही. उठल्यापासून चहाचा कप एका हाताने धरता येईपर्यंत किती वेळ गेला, असे काहीतरी घरगुती परिमाण धरून भेटीच्या आधीचे आठ-दहा दिवस रोज दोन शब्द लिहून ठेवले, तर पुरे. यापेक्षा मोठी डायरी कोणी लिहीत नाही, आणि लिहिली तरी ती वाचायला नर्सला वेळ नसतो.

यानंतरची प्रश्नावली मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. रोजची कामे किती जमतात हे मोजण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० च्या सुमारास ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ तयार झाली, आणि तिचे ब्रिटिश रूप ब्रिटनमधील दवाखान्यांत भरून घेतले जाते. तिच्यात दुधाचा नवा खोका उघडता येतो का, टबात उतरता येते का, असे प्रश्न असतात. आपल्या घरातली सत्तरीची बाई टबात कधी उतरतच नाही आणि खोका नातू उघडतो; ती प्रामाणिकपणे ‘अडचण नाही’ असे लिहिते. मात्र पोळीची कणीक मळणे तिने वर्षापूर्वी सोडलेले असते, विळीवर नारळ खवता येत नाही, कुकरचे झाकण फिरत नाही, साडीच्या निऱ्या चिमटीत राहत नाहीत, ब्लाउजचे हूक सून लावून देते, आणि पूजेला पाटावर बसले तर उठायला कोणाचा तरी हात लागतो. हे कोणत्याही छापील चौकटीत नसते. भारतीय डॉक्टरांनी ही उणीव ओळखून प्रश्नावलीचे भारतीय रूप सिद्ध केले आणि २००२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात उकिडवे बसणे आणि जमिनीवर मांडी घालून बसणे यांचा समावेश आहे. इंग्लंडमधील दवाखान्यात ते सहसा मिळणार नाही, म्हणून आपल्या कामांची यादी आपणच न्यावी लागते. त्यातही एक बारकावा आहे. एखादे काम करण्यासाठी दुसऱ्या माणसाची किंवा साधनाची मदत घ्यावी लागत असेल, तर मूळ पद्धतीनुसार प्रश्नांच्या त्या गटाचे गुण वाढवून धरले जातात, म्हणजे अडचण जास्त आहे असे मानले जाते. ‘सून करते ना, मग कशाला सांगायचं’ असे म्हणून जे गाळले जाते, तेच मोजण्यासाठी ती प्रश्नावली असते. त्या माहितीवरूनच पुढे हातांच्या व्यायामासाठी, मनगटाच्या आधारपट्टीसाठी किंवा स्वयंपाकघरातील सोयींसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामे सुकर करून देणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवायचे की नाही, हे ठरते.

औषधांच्या बाबतीत तर आपल्या मंडळींची लपवाछपवी चकित करणारी आहे. या आजाराचे बिनीचे औषध म्हणजे मेथोट्रेक्झेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच वार ठरवून तो चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहावा, अशी सूचना ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये दिली. ब्रिटनमध्ये त्याच्या गोळ्या २.५ मिलिग्रॅमच्याच द्याव्यात असा संकेत आहे, तर भारतात ५, ७.५ आणि १० मिलिग्रॅमच्याही सर्रास मिळतात. पुण्याहून येताना भाच्याने आणलेली पाकिटे येथल्या गोळ्यांत मिसळली आणि नेहमीच्या सवयीने सहा गोळ्या मोजून घेतल्या, तर काय होईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. नर्सला यादी सांगण्यापेक्षा घरातली सगळी पाकिटे एका पिशवीत घालून नेणे चांगले. त्या पिशवीत भारतातून आणलेल्या गोळ्या असाव्यात, महायोगराज गुग्गुळ असावा, होमिओपॅथीच्या साखरगोळ्या असाव्यात, आणि ‘सांधेदुखीवर अक्सीर इलाज’ म्हणून गावाकडून आलेल्या बिननावाच्या पुड्याही असाव्यात. आयुर्वेदाला नाव ठेवण्याचा यात हेतू नाही. परंतु अशा निनावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची, तसेच काही रसौषधींमुळे शिशाची विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. नकळत स्टेरॉइड पोटात जात असेल तर आजार दबलेला दिसतो, नर्सचा आकडा खोटा ठरतो, आणि पुडी एकाएकी बंद केली तर शरीर कोसळू शकते.

चुकलेल्या मात्रांचेही सांगावे. मळमळते म्हणून तीन आठवडे औषध घेतले नाही, ही गोष्ट नर्सला रागवण्यासाठी नको असते. तिला ती ठाऊक नसेल, तर औषध लागू पडत नाही असे समजून ती मात्रा वाढवील. खरे कारण कळले, तर असे त्रास कमी करण्यासाठी आठवड्यातील वेगळ्या दिवशी घ्यावयाच्या फॉलिक ॲसिडची मात्रा बदलता येते, किंवा गोळीऐवजी तेच औषध इंजेक्शनने देता येते. रक्ततपासण्यांचे वेळापत्रकही या भेटीत तपासून घ्यावे: सुरुवातीस दर दोन आठवड्यांनी, मात्रा स्थिर झाल्यावर काही काळ महिन्याने, आणि नंतर तीन महिन्यांनी, अशी ब्रिटनमधील सर्वसाधारण रीत आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम किंवा आपल्याकडे जुन्या ओळखीचे को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक मेथोट्रेक्झेटबरोबर घेणे धोक्याचे असते. जीपी (घराजवळचा नेहमीचा डॉक्टर) वेगळा, रुग्णालय वेगळे आणि भारतातला फॅमिली डॉक्टर तिसराच, अशा परिस्थितीत हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी शेवटी रुग्णावर येऊन पडते. मद्य घेत असल्यास आठवड्याचे खरे प्रमाण सांगावे. मुलांसमोर ते सांगणे अवघड वाटते हे मान्य आहे, पण यकृतावर ताण आणणारे औषध चालू असताना नर्सला ते कळणे भाग आहे. घरातल्या तरुण रुग्णांनी गर्भधारणेचा विचार असल्यास, तो विचार मनात आल्याबरोबर कळवावा. मेथोट्रेक्झेट आधीच थांबवावे लागते, आणि गर्भारपणात चालणारी दुसरी औषधे उपलब्ध आहेत.

क्षयरोगाविषयी मला थोडे कडक शब्दांत लिहावेसे वाटते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण भारतात आहेत, आणि जैविक औषधे, विशेषतः ‘टीएनएफ’ नावाच्या घटकाला रोखणारी इंजेक्शने, शरीरात निपचित पडलेला क्षय पुन्हा जागा करू शकतात. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि एक रक्ततपासणी केली जाते, आणि सुप्त संसर्ग आढळल्यास आधी काही महिने त्यावरचे औषध दिले जाते. या तपासण्या उपयुक्त असल्या तरी परिपूर्ण नाहीत. त्यांना रुग्णाच्या पूर्वेतिहासाची जोड लागते. आणि आपल्याकडे हाच पूर्वेतिहास सांगितला जात नाही. लग्न जमताना लपवलेला आजार साठाव्या वर्षीही लपवला जातो, वडिलांना क्षय होता हे मुलांनाही माहीत नसते, आणि दुभाषी म्हणून शेजारी सून बसलेली असेल तर ते तोंडातून निघणे अशक्यच. स्वतःला किंवा एका घरात राहिलेल्या कोणाला क्षय झाला असेल, तर वर्ष आणि घेतलेले औषध आठवेल तेवढे कागदावर लिहून तो कागद नर्सच्या हातात द्यावा. कावीळ झाली असल्यास तेही लिहावे. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या याच कारणाने केल्या जातात.

येथेच दुभाष्याचा प्रश्न येतो. मुलाने किंवा सुनेने दुभाषी व्हावे हे आपल्याला स्वाभाविक वाटते, पण मुलगा आईचे वाक्य पुरे होण्याआधीच उत्तर देतो, आणि पुष्कळदा त्याला जे दिसते ते सांगतो, तिला जे होते ते नव्हे. वर्षातून एकदा होणाऱ्या सविस्तर तपासणीत रक्तदाब, हृदयविकार व हाडांची झीज यांच्याबरोबरच मन खचले आहे का, याचीही चौकशी करावी असे ‘नाइस’च्या सूचनांत आहे. या प्रश्नाला मुलासमोर कोणती आई खरे उत्तर देईल? एनएचएस या येथील सरकारी आरोग्यसेवेत दुभाषी विनामूल्य मिळतो. मात्र भेटीचे पत्र येताच फोन करून ‘मराठी’ असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर भारतीय आडनाव पाहून हिंदी किंवा, आमच्या लेस्टरमध्ये तर हमखास, गुजराती दुभाषी समोर उभा राहतो. प्रत्यक्ष माणूस मिळाला नाही तरी फोनवरून व्यवस्था होऊ शकते. मुलाने बरोबर जरूर जावे, पिशवी धरावी, नर्स जे सांगेल ते लिहून घ्यावे. उत्तरे मात्र आईला देऊ द्यावीत. हिंदी चांगले कळणाऱ्यांसाठी येथील ‘नॅशनल ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस सोसायटी’ या संस्थेचा ‘अपनी जंग’ हा दक्षिण आशियाई रुग्णांसाठीचा उपक्रम आहे, आणि भेटीआधी त्यातील चित्रफिती पाहिल्यास पुष्कळ शंका घरीच फिटतात.

दिवाळीला किंवा लग्नसराईला भारतात जाण्याचा बेत असेल, तर तिकीट काढण्याआधीची भेट त्यासाठी वापरावी. जैविक इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात, ती विमानात सामानाच्या कप्प्यात न टाकता हातातल्या थंड पिशवीत न्यावी लागतात, आणि त्यासाठी रुग्णालयाचे पत्र लागते. ते पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही. मुक्काम लांबणार असेल तर मधली रक्ततपासणी भारतात कोठे करायची आणि अहवाल कोणाला पाठवायचा हेही ठरवून घ्यावे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लशी सर्वसाधारणपणे टाळतात. विषमज्वराची तोंडाने घ्यायची लस या प्रकारातली आहे, इंजेक्शनने दिली जाणारी नाही. फ्लूची वार्षिक लस आणि न्यूमोनियाची लस मात्र या रुग्णांनी घ्यावी असेच सांगितले जाते.

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९० च्या दशकात घरोघर जाऊन सांध्यांच्या विकारांची जी पाहणी झाली, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चाललेल्या कार्यक्रमाचा भाग होती आणि तिचा उल्लेख आजही जगभर केला जातो. खेड्यापाड्यांतही हा आजार आहे, हे त्यामुळे आपल्याला केव्हाच ठाऊक झाले आहे. अशा रुग्णांचे दीर्घकाळ बोट धरणारी प्रशिक्षित परिचारिका मात्र आपल्या बाह्यरुग्ण विभागांत अद्याप सहसा दिसत नाही. तेथे डॉक्टरांकडून पाच मिनिटे मिळाली तरी नशीब समजायचे, आणि म्हणूनच औषधांची पिशवी आणि कामांची यादी यांची गरज तेथे अधिकच आहे, असे मला वाटते.

प्रश्न विचारण्याविषयी थोडेच लिहिते. तीन प्रश्न पुरेत, पण ते लिहिलेले असावेत आणि खोलीत शिरताच ‘माझे तीन प्रश्न आहेत’ असे सांगावे, कारण दाराच्या कडीवर हात असताना काढलेला विषय कितीही गंभीर असला तरी त्याला वेळ उरलेला नसतो. निघण्यापूर्वी आपला डास-२८ किती आला, मागच्या वेळी किती होता आणि पुढे काय ठरले, एवढे विचारून घ्यावे, आणि जीपीला जाणाऱ्या पत्राची प्रत आपल्यालाही हवी असे सांगावे.

मात्र काही गोष्टी या भेटीसाठी राखून ठेवायच्या नसतात. बहुतेक विभागांची नर्स चालवत असलेली सल्ला-दूरध्वनी सेवा असते. तिचा क्रमांक पहिल्याच भेटीत घेऊन फ्रिजच्या दारावर लावावा. दुखणे एकाएकी उसळले, तर दोन महिन्यांनंतरच्या तारखेची वाट न पाहता तेथे निरोप ठेवावा. ही सेवा तातडीची नसते, आणि उत्तर यायला एखाददुसरा दिवस लागतो, हे ध्यानात घेऊन पुढील लक्षणांत तिच्यावर विसंबू नये. मेथोट्रेक्झेट किंवा जैविक औषध चालू असताना ताप, थंडी वाजून येणे, घसा अतिशय दुखणे, तोंडात फोड येणे, कारण नसताना अंगावर निळे-काळे डाग उमटणे, नवा कोरडा खोकला किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, आणि धाप जास्त असेल तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन असह्य दुखू लागला आणि सोबत ताप असला, तर तो नेहमीचा संधिवात समजून शेकत बसू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्यात तासांना महत्त्व असते. घरात नातवंडाला कांजिण्या निघाल्या आणि आजीला त्या पूर्वी झाल्या होत्या की नाही हे कोणालाच आठवत नसेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

आपली विश्वासू,
एक मराठी वाचक,
लेस्टर, इंग्लंड